कीस्टोनचं बटण सगळ्यात शेवटी: प्रोजेक्टरचं चित्र चौकोनात आणण्याची पद्धत

नवा प्रोजेक्टर घरी आला की पहिल्या संध्याकाळी बहुतेक ठिकाणी एकच प्रकार होतो. प्रोजेक्टर टीपॉयवर मांडतात, चित्र फार खाली पडतंय म्हणून पुढच्या पायांखाली दोन-तीन पुस्तकं सरकवतात. चित्र वर जातं, पण वरून पसरट आणि खालून निमुळतं होतं. मग रिमोटवर कीस्टोनचं बटण सापडतं. ते थोडा वेळ दाबलं की तिरक्या कडा उभ्या होतात आणि मंडळी सिनेमा बघायला बसतात. सिनेमा दिसतोही बरा. पण त्याच मांडणीवर एक्सेलची शीट किंवा एखादी मराठी पीडीएफ लावली की अक्षरं भुरकट का दिसतायत ते कळत नाही, आणि दोष प्रोजेक्टरच्या माथी जातो.

माझं म्हणणं एवढंच की कीस्टोन हा शेवटचा उपाय आहे. प्रोजेक्टर कुठे आणि कसा ठेवला यावर आकार बिघडतो, म्हणून दुरुस्तीही तिथूनच सुरू करायची आणि राहिलेली थोडी कसर बटणाने काढायची. पुढच्या पायऱ्या याच क्रमाने दिल्या आहेत. घरातली भिंत असो, सोसायटीच्या गच्चीवर मॅच दाखवायची असो किंवा शाळेचा वर्ग असो, पद्धत बदलत नाही. लागणारं सामान म्हणजे मोजपट्टी, थोडा दोरा, एक ओळंबा आणि पाणसळ. पाणसळ नसेल तर मोबाइलवरचं लेव्हलचं अॅप चालेल.

आकार बिघडतो कसा

विजेरी भिंतीवर सरळ धरली तर गोल उजेड पडतो. ती वरच्या दिशेला तिरकी केली की गोलाचा लंबगोल होतो आणि वरचा भाग जास्त पसरतो. वरच्या किरणांना भिंत गाठायला जास्त अंतर कापावं लागतं, आणि उजेड जितका लांब जातो तितका पसरतो. प्रोजेक्टरचं अगदी तसंच आहे.

यातून एक नियम हाती येतो: जी कड भिंगापासून लांब, ती मोठी. प्रोजेक्टरचं तोंड वर केलं असेल तर वरची कड रुंद होते. छताला टांगून खाली वाकवला असेल तर खालची. पडद्याच्या डावीकडे ठेवून उजवीकडे वळवला तर चित्राची उजवी बाजू उंच होते. उलट दिशेने वाचलं तर हाच नियम रोगाचं निदान करतो. कोणती कड मोठी आहे ते बघा, म्हणजे प्रोजेक्टर कुठल्या बाजूला कलला आहे ते कळेल. चारही बाजू वेगवेगळ्या लांबीच्या दिसल्या तर तो वर-खाली आणि डावी-उजवीकडे, दोन्हीकडे कललेला आहे.

बटण दाबल्यावर आत काय होतं

हे समजून घेतलं नाही तर पुढच्या पायऱ्या म्हणजे उगाच कटकट वाटेल, म्हणून इथे जरा थांबू.

प्रोजेक्टरच्या आत चित्र तयार करणारा एक छोटा पॅनल असतो. काहींत तो एलसीडीचा असतो, डीएलपीत सूक्ष्म आरशांचा. फुल एचडी म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, एकूण २० लाख ७३ हजार ६००. ही संख्या कारखान्यातच ठरते. भिंतीवर वरची कड रुंद येत असेल तर कीस्टोन पॅनलवरच वरून निमुळतं चित्र काढतो. ते भिंतीवर पोचेपर्यंत वर पसरतं आणि आपल्याला आयत दिसतो. भिंग जागचं हलत नाही. पॅनलच्या वरच्या कोपऱ्यांतले ठिपके मात्र बंद पडतात, आणि रुंदी-उंचीचं प्रमाण सांभाळायचं म्हणून वरच्या काही ओळीही जातात.

किती जातात याचा हिशेब करता येतो. प्रोजेक्टरचा थ्रो रेशो १.५ आहे (हे काय ते पुढे येतंच) आणि त्याचं चित्र भिंगाच्या बरोबर समोर पडतं असं धरू. त्याला १५ अंश वर वाकवलं तर वरची कड खालच्या कडेपेक्षा साधारण १० टक्के रुंद होते, आणि ती सरळ करताना ११-१२ टक्के ठिपके वाया जातात. ३० अंश वाकवलं तर वरची कड जवळजवळ २४ टक्के रुंद होते आणि ठिपक्यांचा सुमारे चौथा हिस्सा बाद होतो. म्हणजे पैसे मोजले २० लाखांहून जास्त ठिपक्यांचे, वापरात आले १५ लाख. बंद ठिपक्यांचा उजेडही पडद्यावर पोचत नाही, त्यामुळे त्याच प्रमाणात चित्र मंद होतं. शिवाय बंद ठिपका पूर्ण काळा नसतो. खोलीत मिट्ट अंधार केला की दुरुस्त केलेल्या चित्राभोवती फिकट राखाडी पाचर दिसते, ती याच ठिपक्यांची.

दुसरं नुकसान मजकुराचं. लॅपटॉपने पाठवलेली १९२० ठिपक्यांची ओळ आता १७००-१८०० ठिपक्यांत कोंबायची असते, तीही प्रत्येक ओळीला वेगळ्या मापाने. एक ठिपका जाडीची रेघ कुठे दोन ठिपक्यांवर फिकट पसरते, कुठे गडद राहते. एक्सेलच्या उभ्या रेघा काही जाड, काही पुसट दिसतात त्या यामुळे.

देवनागरीला याचा आणखी एक फटका बसतो. आडवा कीस्टोन, म्हणजे डावी-उजवीकडची दुरुस्ती, करताना पॅनलवर आडव्या रेषा तिरक्या काढाव्या लागतात. चौकोनी ठिपक्यांच्या जाळीत तिरकी रेषा पायऱ्यापायऱ्यांनीच चढते. पडद्याच्या अगदी जवळ जाऊन सगळ्यात वरच्या ओळीची शिरोरेखा बघा. सलग दिसायला हवी ती रेघ ठरावीक अंतराने एकेक ठिपका खाली उतरताना दिसेल. चित्राच्या मध्यावरची ओळ जवळपास साफ असते; वर आणि खाली गेलं की खाचा वाढतात. उभ्या कीस्टोनमध्ये शिरोरेखा वाचते, पण डाव्या-उजव्या कडांजवळचे काने आणि दंड दातेरी होतात. मराठी मजकूर दाखवायचा असेल तर उभी दुरुस्ती एक वेळ परवडेल, आडवी शक्यतो टाळाच. इंग्रजीत प्रत्येक शब्दावर अशी सलग रेघ नसते, त्यामुळे तिथे हे इतकं डोळ्यावर येत नाही.

सिनेमा आणि क्रिकेटला यातलं बरंचसं चालून जातं. हलत्या चित्रात पाच-सात अंशांची दुरुस्ती कुणाच्या लक्षातही येत नाही. त्यामुळे कीस्टोन वापरला म्हणजे पाप केलं असं समजू नका.

पायरी १: आधी मोजमाप

पडदा किती मोठा हवा ते ठरवा. १६:९ प्रमाणात ८० इंचाचा पडदा १७७ सेंटिमीटर रुंद आणि १०० उंच असतो. १०० इंचाचा २२१ बाय १२५, आणि १२० इंचाचा २६६ बाय १४९. इंचाचं माप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं असतं.

आता थ्रो रेशो. प्रोजेक्टर पडद्यापासून किती लांब ठेवला की चित्र किती रुंद येतं, याचं हे प्रमाण. खोक्यावर किंवा कंपनीच्या तपशिलात ते लिहिलेलं असतं. रेशो १.५ आणि पडदा १०० इंची, म्हणजे २२१ गुणिले १.५, साधारण ३३१ सेंटिमीटर, जवळजवळ ११ फूट. रेशो १.२ ते १.५ असा दिला असेल तर झूम फिरवून तेवढ्या पट्ट्यात कुठेही ठेवता येतो. शॉर्ट थ्रोचा रेशो ०.५ च्या आसपास असतो. तो सव्वा मीटरपेक्षाही कमी अंतरावरून १०० इंच भरतो.

तिसरं माप ऑफसेटचं. नवशिके नेमकं हेच विसरतात आणि सगळा घोळ तिथेच होतो. प्रोजेक्टर सपाट टेबलावर ठेवला तरी बहुतेकांचं चित्र भिंगाच्या बरोबर समोर पडत नाही, ते वर सरकलेलं असतं. टेबलावर ठेवलेल्याचा उजेड टेबलाच्या कडेला अडू नये, यासाठी ती मुद्दाम केलेली सोय आहे. बऱ्याच डीएलपी प्रोजेक्टरांत चित्राची खालची कड भिंगाच्या पातळीवर किंवा त्याहूनही थोडी वर येते. होम सिनेमाच्या काही प्रोजेक्टरांत भिंग चित्राच्या मध्यावर असतं.

तुमच्या यंत्राचा ऑफसेट काढणं सोपं आहे. कीस्टोन शून्यावर ठेवा, प्रोजेक्टर पाणसळीत आणून रिकाम्या भिंतीकडे तोंड करून ठेवा. जमिनीपासून भिंगाच्या मध्यापर्यंतची उंची मोजा, मग चित्राच्या खालच्या कडेची. समजा भिंग ७५ सेंटिमीटरवर आहे, चित्राची खालची कड ८७ वर आणि चित्राची उंची १२५. म्हणजे चित्र भिंगापासून १२ सेंटिमीटर वरून सुरू होतं, उंचीच्या साधारण एक दशांश. हा आकडा कागदी चिकटपट्टीवर लिहून प्रोजेक्टरच्या बुडाला चिकटवून ठेवा. पुढे पडदा लहान-मोठा झाला तरी प्रमाण तेच राहतं, आणि टेबल किती उंच हवं हे प्रोजेक्टर चालू करण्याआधीच सांगता येतं.

पायरी २: सगळं शून्यावर आणा

मेनूत जाऊन उभा आणि आडवा कीस्टोन शून्य करा, कोपऱ्यांची दुरुस्ती रीसेट करा, डिजिटल झूम असेल तर काढा. ऑटो कीस्टोन बंद करा. याबद्दल माझं मत ठाम आहे.

साध्या ऑटो कीस्टोनमध्ये कल मोजणारा सेन्सर असतो. प्रोजेक्टर किती वाकला आहे एवढंच त्याला कळतं. भिंत किंवा पडदा किती वाकला आहे याचा त्याला पत्ता नसतो, आणि डावी-उजवीकडचा कोनही त्याच्या आवाक्याबाहेर असतो. त्यासाठी कॅमेरा किंवा अंतर मोजणारा सेन्सर लागतो. अलीकडच्या छोट्या अँड्रॉइड प्रोजेक्टरांत तो येऊ लागला आहे. पण तिथे दुसरीच गंमत: कुणाचा टेबलाला धक्का लागला की ऐन षटकाराच्या वेळी चित्र बाजूला सारून ठिपक्यांचा नमुना येतो आणि यंत्र पुन्हा मोजणी करत बसतं. रोज एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेणाऱ्यांसाठी ही सोय चांगली आहे. एका जागी ठेवायचा असेल तर बंदच बरी.

याच वेळी प्रोजेक्शन मोडही तपासा. समोरून, पडद्यामागून, छतावरून असे पर्याय असतात. चित्र उलटं किंवा आरशात पाहिल्यासारखं येत असेल तर दुरुस्ती इथे होते.

पायरी ३: भिंग मध्यरेषेवर

प्रोजेक्टरचं खोकं पडद्याच्या मध्यावर आणून उपयोग नाही, भिंग मध्यावर हवं. पुष्कळ प्रोजेक्टरांत भिंग एका बाजूला असतं.

नुसत्या डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नका, दोरा वापरा. पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यापासून भिंगापर्यंतचं अंतर मोजा, मग उजव्या कोपऱ्यापासून. दोन्ही सारखी होईपर्यंत स्टँड डावी-उजवीकडे सरकवा. आता भिंग मध्यरेषेवर आलं. मग जागा न सोडता प्रोजेक्टर जरासा फिरवून चित्राचा मध्य पडद्याच्या मध्यावर आणा. या दोन गोष्टी जमल्या की आडव्या कीस्टोनची गरज जवळजवळ संपतेच, आणि शिरोरेखा वाचते.

वर्गात किंवा दिवाणखान्यात मध्यभागी स्टँड ठेवायला जागा नसते, हे खरं. अशा वेळी आधी पडदा सरकवता येतो का ते बघा. पडद्याला वायर नसते, त्याला हलवणं सोपं. हा विचार लोकांना फार उशिरा सुचतो.

पायरी ४: तोंड वर करू नका, टेबल उंच करा

प्रोजेक्टरचे पुढचे पाय स्क्रूसारखे फिरून लांब होतात. ते पाय टेबलाचा किरकोळ उतार काढण्यासाठी असतात. चित्र वर न्यायचं असेल तर सगळा प्रोजेक्टर उचला. पुस्तकं ठेवायचीच असतील तर नुसती पुढे न ठेवता चारही पायांखाली सारख्या उंचीची ठेवा. नंतर पाणसळ दोन्ही दिशांनी लावून बघा. प्रोजेक्टरची वरची बाजू गोलसर असेल तर टेबलावरच पाणसळ ठेवा आणि चारही पाय सारखे आखडून घ्या.

पडदा उभा आहे की नाही हेही बघायला हवं. ओळंबा पडद्याच्या वरच्या कडेपासून सोडा. दोरा खालीही कापडाला नुसता टेकायला हवा. तिपाईवरचे पडदे बरेचदा मागे झुकलेले असतात. प्रोजेक्टर अगदी पाणसळीत असला तरी झुकलेल्या पडद्यावर चित्र वाकडंच येणार.

छतावर बसवताना याची सगळ्यात जास्त वाट लागते. एका शिकवणी वर्गात अकरा फुटी छताला प्रोजेक्टर चिकटवून बसवला होता. फळ्याशेजारचा पडदा त्याच्या कितीतरी खाली, म्हणून बसवणाऱ्याने प्रोजेक्टर खाली वाकवला, कीस्टोन जवळजवळ टोकापर्यंत नेला आणि बिल दिलं. भूमितीचे सर आलेखाचा कागद दाखवायला लागले तेव्हा खालच्या कोपऱ्यातले चौकोन फोकसबाहेर, आणि वरच्या चौकोनांच्या रेघा एकाआड एक पुसट. त्यावर उपाय म्हणजे दीड फुटाचा लोखंडी पाइप. प्रोजेक्टर खाली टांगला, पाणसळीत आणला, कीस्टोन शून्य केला. छतावरून टांगताना प्रोजेक्टर उलटा असतो, त्यामुळे ऑफसेटही उलटा लागतो: चित्र भिंगाच्या खाली सुरू होतं. मघाशी चिकटपट्टीवर लिहिलेला आकडा इथे थेट वापरता येतो. आधीच्या उदाहरणातला प्रोजेक्टर असेल तर १०० इंची पडद्याच्या वरच्या कडेपेक्षा भिंग १२ सेंटिमीटर वर हवं. बाकीची उंची पाइपने भरून काढायची.

प्रोजेक्टर खालीच ठेवणं भाग असेल, उदाहरणार्थ गच्चीवर समोर सतरंजीवर मंडळी बसली आहेत आणि उंच स्टँड मध्ये येतं, तर पडदा वाकवण्याचा पर्याय आहे. प्रोजेक्टर जितके अंश वर तोंड करून आहे तितक्याच अंशांनी पडद्याची वरची कड पुढे, प्रोजेक्टरकडे झुकवा. उजेड पुन्हा काटकोनात पडतो आणि चित्र आपोआप सरळ होतं. पारदर्शक कागद ठेवून दाखवायचे ओव्हरहेड प्रोजेक्टर कॉलेजांत असायचे, त्यांच्या तिपाई पडद्यांना वर एक पुढे येणारा खाचांचा दांडा असायचा. पडदा त्यात अडकवून पुढे झुकवण्यासाठीच तो होता. कापडी पडदा बांबूला बांधणार असाल तर खालची कडही ताणून बांधा, नाहीतर वाऱ्याने पडदा फुगला की सगळी मोजणी फुकट.

पायरी ५: झूम, फोकस आणि लेन्स शिफ्ट

झूम फिरवून चित्र पडद्यापेक्षा किंचित मोठं ठेवा. का ते सातव्या पायरीत कळेल. मग फोकस.

तुमच्या प्रोजेक्टरला लेन्स शिफ्ट असेल तर नशीबवान आहात. यात भिंगच पॅनलच्या तुलनेत वर-खाली किंवा डावी-उजवीकडे सरकतं. चित्र भिंतीवर सरकतं, पण प्रोजेक्टर पाणसळीतच राहतो, म्हणून आकार बिघडत नाही आणि एकही ठिपका वाया जात नाही. साधारण महागड्या मॉडेलांवर ही सोय असते: वरच्या झाकणाखाली चाकं, किंवा रिमोटवर बटण. उभी शिफ्ट टोकाला नेली की आडवी कमी मिळते, ही तिची मर्यादा. आणि एक लक्षात ठेवा, वाकडा ठेवलेला प्रोजेक्टर लेन्स शिफ्टने सरळ होत नाही. आधी पाणसळ, मग शिफ्ट.

स्वस्त एलईडी प्रोजेक्टरांवर फोकसच्या चाकाशेजारी कीस्टोनचं आणखी एक चाक असतं. ते भिंगालाच थोडं तिरकं करतं. ठिपके वाचतात, पण कडा फोकसबाहेर जातात. थोडंसंच फिरवा.

पायरी ६: चौकोन आहे का, ते मोजा

प्रोजेक्टरच्या मेनूतला टेस्ट पॅटर्न लावा. तो नसेल तर लॅपटॉपवर चौकटींचा आणि मध्ये वर्तुळ असलेला कागद तयार करा.

आधी वर्तुळ बघा. कडा सरळ आहेत पण वर्तुळ अंड्यासारखं दिसतंय, तर दोष कीस्टोनचा नाही, प्रमाणाचा आहे. लॅपटॉप १६:१० पाठवतोय, प्रोजेक्टर १६:९ मध्ये ताणतोय, किंवा जुना १०२४ बाय ७६८ चा प्रोजेक्टर रुंद चित्र दाबून बसवतोय. आस्पेक्ट रेशोचं सेटिंग बदला. कीस्टोनने वर्तुळ गोल करायला जाल तर दोन्ही बिघडतील.

मग मोजपट्टी. वरची आणि खालची कड सारखी हवी, डावी आणि उजवी सारखी हवी, आणि दोन्ही कर्ण सारखे हवेत. सुतार दाराची चौकट अशीच तपासतो. १०० इंची चित्राचा कर्ण २५४ सेंटिमीटर. दोन कर्णांत एखाद्या सेंटिमीटरचा फरक असेल तर सोडून द्या, डोळ्याला तो दिसत नाही.

कडा सरळ नसून कमानीसारख्या फुगलेल्या किंवा आत दबलेल्या दिसल्या तर पडद्याकडे बघा. गुंडाळायच्या पडद्यांच्या बाजू काही काळाने आत वळतात आणि चित्राच्या आडव्या रेषांना लाट येते. हे कुठल्याही बटणाने जात नाही. पडदाच बदलायचा, नाहीतर बाजूने ताण देणारा घ्यायचा.

पायरी ७: आता कीस्टोन

इथपर्यंत नीट आलात तर उरलेला वाकडेपणा किरकोळ असेल. आधी उभा कीस्टोन, दोन्ही उभ्या कडा समांतर होईपर्यंत. मग गरज असेल तरच आडवा. रिमोटवर किंवा प्रोजेक्टरच्या पाठीवर निमुळत्या चौकोनांची चिन्हं असतात. चुकीच्या बाजूला दाबलं तर चित्र आणखी बिघडताना लगेच दिसतं. मेनूतला आकडा अंशांचाच असेल असं नाही, बऱ्याचदा ती नुसती पट्टी असते.

कोपरे एकेक करून हलवायची सोय असेल (एप्सनमध्ये ती क्विक कॉर्नर नावाने असते, बेनक्यूच्या काही मॉडेलांत कॉर्नर फिट) तर तीच वापरा, काम लवकर होतं. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा: कोपरे आतच ओढता येतात, बाहेर नाही. पॅनलच्या बाहेर ठिपके आणणार कुठून? म्हणून चित्र आधी पडद्यापेक्षा किंचित मोठं ठेवायला सांगितलं. सगळे कोपरे पडद्याबाहेर असले की एकेकाला आत आणून पडद्याच्या काळ्या पट्टीवर बसवा. काळी पट्टी एक-दोन सेंटिमीटर चूक पोटात घालते. उभा-आडवा कीस्टोन आणि कोपरे अशा दोन्ही दुरुस्त्या एकावर एक करू नका. काही प्रोजेक्टरांत एक सुरू केली की दुसरी आपोआप शून्य होते, आणि आपण कुठून सुरुवात केली तेच कळेनासं होतं.

झाल्यावर फोकस पुन्हा बघा. कीस्टोन आकार सुधारतो, फोकस नाही. प्रोजेक्टर अजून थोडा तिरका असेल तर वरची कड लांब, खालची जवळ, आणि दोन्ही एकाच वेळी धारदार होणार नाहीत. मधल्या ओळीवर फोकस करून वर-खाली सारखीच तडजोड ठेवा.

प्लेस्टेशनवर खेळणारं कुणी घरात असेल तर आणखी एक मुद्दा. कीस्टोनसाठी प्रत्येक चित्र नव्याने आखावं लागतं, आणि काही मॉडेलांत त्यामुळे बटण दाबणं आणि पडद्यावर हालचाल दिसणं यातलं अंतर वाढतं. गेम मोड लावल्यावर काही प्रोजेक्टरांत कीस्टोनचं सेटिंग अंधूक होऊन बंद पडतं, तेही याच कारणाने. खेळण्यासाठी म्हणून यंत्र घेतलं असेल तर पायरी ३ आणि ४ वर जास्त वेळ घालवा.

वेगळे प्रकार

भिंतीला जवळजवळ चिकटून बसणारे अल्ट्रा शॉर्ट थ्रो प्रोजेक्टर ही वेगळी जात आहे. त्यांचा उजेड भिंतीला इतक्या तिरक्या कोनात घासत जातो की यंत्र काही मिलिमीटर सरकलं तरी कोपरा बोट-दोन बोटं हलतो. तिथे कीस्टोन जवळजवळ विसरूनच जा. पाय फिरवून, यंत्र केसभर सरकवून आकार साधायचा. भिंतीच्या प्लास्टरचा प्रत्येक फुगवटाही या उजेडात दिसतो, म्हणून त्यांना ताठ चौकटीचा पडदाच लागतो.

चित्रपटगृहात प्रोजेक्टरची केबिन बाल्कनीच्या मागे उंचावर असते, त्यामुळे हा प्रश्न फिल्मच्या काळापासूनचा. तेव्हा बटण नव्हतं. ऑपरेटर फिल्मसमोरची धातूची खिडकी कानशीने घासून तिरकी करायचे, म्हणजे उजेडाच्या कडा पडद्यावर सरळ पडायच्या. उरलंसुरलं पडद्याभोवतीचं काळं कापड झाकायचं. आतलं चित्र थोडं ताणलेलंच असायचं. प्रेक्षकांना फक्त कडा दिसतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

झाल्यावर

सेटिंग मेमरीत साठवायची सोय असेल तर साठवा. नसेल तर कीस्टोनचे आकडे, झूमच्या चाकाची जागा आणि भिंगाची उंची यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. घरातल्या स्टँडच्या पायांभोवती फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा करा, म्हणजे केर काढताना हलवला तरी परत तिथेच येतो.

छतावरच्या प्रोजेक्टरसाठी भिंतीवर चित्राच्या चार कोपऱ्यांशी पेन्सिलने बारीक खुणा करा. वरच्या मजल्यावरची आदळआपट, पंख्याची थरथर, फिल्टर साफ करताना लागलेला हात, यांनी माउंटचे स्क्रू हळूहळू सैल होतात आणि चित्र खुणांपासून सरकतं. सरकलेलं दिसलं की रिमोट बाजूला ठेवा, स्टूल घ्या आणि आधी स्क्रू आवळा.